उगम-दाखला

उगम-दाखल्याशिवाय कुठलंही गाणं जाहीरपणे वाजवायचं नाही, असा कायदा होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत यंत्रांनी इतकी गाणी रचली होती की लग्नाच्या हॉलपासून रिक्षापर्यंत जे काही वाजे, ते माणसानं केलंय की यंत्रानं, हे कोणालाच सांगता येईना. लोक आधी हसले, मग कंटाळले आणि शेवटी चिडले. म्हणून कायदा आला. रचणाऱ्यानं प्रयोगशाळेत जायचं, डोक्यावर तारांची टोपी चढवायची आणि अर्धा तास आपलं गाणं मनातल्या मनात म्हणायचं. चाल त्याच्याच डोक्यात जन्मली असेल, तर दाखला मिळे. नव्या गाण्यांचं काम मार्गी लागल्यावर जुन्या गाण्यांची पाळी आली.

यशोधन खिलारे पुण्याच्या ध्वनिस्मृती प्रयोगशाळेत गेला तो अशाच एका जुन्या गाण्यासाठी. वय पन्नास, 'पाषाण' या बँडचा गिटारवादक आणि गीतकार. बँडचं नाव पाषाण ठेवलं, कारण पाषाण गावातल्या एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत ते सराव करत, आणि रॉक बँडला याहून सोपं नाव कोणाला सुचलं नव्हतं. सुरुवातीला यशोधन आणि जुई शेंडकर अशी दोघं मिळून गाणी करत. जुई गायची, दुसरी गिटार वाजवायची आणि यशोधनच्या ओळी निर्दयपणे खोडायची. कॉलेजांच्या गॅदरिंगपलीकडे त्यांना कोणी ओळखत नव्हतं.

मग चोवीस वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका दुपारी, रत्नागिरीच्या कार्यक्रमाला जाताना जुईची गाडी आंबा घाटात कठडा तोडून खाली गेली. गाडीत दोघंच होती. ड्रमवाला नोएल आणि बाकीचे सामानाच्या टेम्पोत पुढे गेले होते. सव्वा तासानं माणसं खाली पोहोचली तेव्हा जुई गेलेली होती आणि यशोधन बेशुद्ध होता. तो अकरा दिवस बेशुद्ध राहिला. अपघाताचं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. जुईच्या वडिलांना दवाखान्यात सांगण्यात आलं की ती जागच्या जागी गेली, तिला काही कळलंसुद्धा नाही.

तीन महिन्यांनी यशोधननं पहिल्यांदा गिटार हातात घेतली आणि वीस मिनिटांत एक गाणं अख्खंच्या अख्खं बाहेर आलं. 'जागी आहेस का.' मेलेल्या मैत्रिणीला मारलेली हाक होती ती. त्या गाण्यानं 'पाषाण'ला कुठल्या कुठे नेलं. पुढं पाच अल्बम झाले, देशभर दौरे झाले, पण कार्यक्रमाच्या शेवटी लोक मागत ते हेच गाणं. यशोधननं नंतर शंभरेक गाणी लिहिली. त्यातलं एकही तसं उतरलं नाही, हे त्याला इतर कोणीही सांगण्याआधी कळलेलं होतं. तरी एकदा का होईना, ते आपल्या हातून घडलं, याच गोष्टीवर तो उभा होता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. वासंती नाईकवडी मूळच्या सांगलीच्या. समोरच्याला समजेल असं बोलायची त्यांना सवय होती. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी यशोधनला समोर बसवलं आणि आधी थोडी शिकवणी घेतली. नवी चाल मेंदूत शिरते तेव्हा काही पेशी एकमेकींना घट्ट धरतात. त्या जोडणीला त्या 'स्वरखूण' म्हणत. चाल बाहेरून ऐकलेली असेल तर खूण कानाच्या केंद्रापासून आत पसरत जाते. चाल स्वतः रचलेली असेल तर ती आतून, बोटं आणि गळा हलवणाऱ्या भागापासून सुरू होते. शिवाय जोडण्यांवर दर आठवड्याला प्रथिनाचा एक पातळ थर चढतो. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तसे ते थर मोजता येतात, आणि खूण कधी पडली ते आठवड्याभराच्या फरकानं सांगता येतं.

"ही चाल तुम्ही ऐकलेली आहे," नाईकवडी म्हणाल्या.

यशोधनला वाटलं, यंत्र बिघडलंय. त्यानं तसं सांगितलंही. जगातल्या सगळ्या नोंदलेल्या गाण्यांशी त्याचं गाणं ताडून झालं होतं, कुठेच जुळत नव्हतं. मग ऐकणार कुठून? नाईकवडींनी ते मान्य केलं आणि पुढचं सांगितलं. खूण चोवीस वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली होती, दुसऱ्या आठवड्यातली. ती एकाच बैठकीत, सुमारे चाळीस मिनिटांत, तीच चाल साठ-पासष्ट वेळा कानावर पडून तयार झाली होती. आणि माणूस जागा असताना मेंदूत जी रसायनं असतात, त्यांचा त्या खुणेत मागमूस नव्हता.

अपघात झाला तो नोव्हेंबरातला दुसरा आठवडा यशोधनला कोणी सांगायला नको होता.

"आणखी एक आहे," नाईकवडी म्हणाल्या. त्यांनाही ते बोलणं जड जात होतं. "तुमच्या गाण्यात 'जागी आहेस का' असं आहे. खुणेत अक्षरं नीट सापडत नाहीत, पण स्वर सापडतात. 'जागी'तला शेवटचा स्वर 'ई'. खुणेत तिथे प्रत्येक वेळी 'आ' आहे."

यशोधननं तो शब्द 'आ' लावून स्वतःशीच उच्चारला. जागा. जागा आहेस का. गाडीत दोघंच होती, आणि त्यातला पुरुष तो होता.

नाईकवडींनी त्याला खिडकीपाशी नेलं, पाणी दिलं. चोवीस वर्षं तो ज्या गाण्यातून जुईला हाक मारत होता, ती हाक जुईनं त्याला मारलेली होती. आणि ती जागच्या जागी गेली नव्हती.

यातून मार्ग दोनच होते. दाखला जुईच्या नावानं काढायचा, नाहीतर अर्ज मागे घ्यायचा. दाखले सर्वांना बघायला खुले असत, आणि त्यावर खूण पडल्याची तारीख आणि किती वेळात पडली तो काळ छापला जाई. म्हणजे दाखला काढला की जुईच्या वडिलांना कळणार. अर्ज मागे घेतला तर गाणं कायमचं बंद पडणार, पण कोणाला काही कळणार नव्हतं. नाईकवडींनी स्पष्ट सांगितलं की त्या स्वतःहून कोणाजवळ बोलणार नाहीत. नोएलनं सगळं ऐकून घेतलं आणि अर्ज मागे घे म्हणाला. एका म्हाताऱ्या माणसाची झोप उडवून काय मिळणार, असं त्याचं म्हणणं होतं. यशोधनला ते पटलं. आपल्याला ते इतक्या पटकन का पटलं, याचा विचार करताना मात्र त्याला स्वतःची लाज वाटली. चौथ्या दिवशी सकाळी तो सासवडला जुईच्या वडिलांकडे गेला.

अविनाश शेंडकर एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, आता पंचाहत्तरीचे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. यशोधन दर दिवाळीला या काकांकडे जायचा, आज मध्येच आलेला पाहून त्यांनी काही विचारलं नाही, चहा टाकला. यशोधननं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टोपी, थर, तारीख, आणि 'ई'च्या जागी 'आ'. काकांची पाठ त्याच्याकडे होती. चहा उतू गेला तरी त्यांचा हात गॅसकडे गेला नाही. शेवटी यशोधननंच पुढं होऊन गॅस बंद केला.

"किती वेळ होती?" काकांनी विचारलं.

"चाळीस मिनिटं तरी. जास्तही असेल, काका."

ते खुर्चीवर बसले. मग त्यांनी जे विचारलं, त्याची यशोधननं कल्पनाही केली नव्हती. ते ऐकता येईल का, असं त्यांनी विचारलं.

हा प्रश्न घेऊन दोघं नाईकवडींकडे गेले. त्या बराच वेळ टाळाटाळ करत राहिल्या, मग म्हणाल्या की येईल, पण एकदाच. चाचणीत खुणेला नुसतं वरून चाचपतात. तिच्यातला आवाज बाहेर काढायचा तर ती पूर्ण उघडावी लागते, आणि उघडलेल्या जोडण्या परत मिटत नाहीत. आवाजाची फाईल राहील, पण यशोधनच्या डोक्यातून ती चाल जाईल, आणि तिच्यावर उभं राहिलेलं सगळं जाईल. ते गाणं त्याला म्हणता येणार नाही, वाजवता येणार नाही, ऐकलं तर ओळखूही येणार नाही.

"म्हणजे इंजिनाचं हेड खोललं की गॅस्केट वाया, परत बसत नाही, तसंच," काका म्हणाले.

नाईकवडींनी तसंच म्हणून मान डोलावली. मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. जागा माणूस ऐकताना निवड करतो. त्याला गाणं लक्षात राहतं, पंख्याचा आवाज राहत नाही. बेशुद्ध मेंदू निवड करत नाही. कानावर पडेल ते सगळं तो चिखलातल्या ठशासारखं जसंच्या तसं धरून ठेवतो. तेव्हा खुणेत फक्त चाल सापडेल असं समजू नका. काय असेल ते मी सांगू शकत नाही.

काकांनी यशोधनवर कसलीच सक्ती केली नाही. उलट, नाही म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही, असं ते दोनदा म्हणाले. यशोधन संध्याकाळी गिरणीत गेला. एकट्यानंच त्यानं ते गाणं वाजवलं, आधी बँडसारखं, मग नुसत्या गिटारवर, मग गिटार खाली ठेवून तोंडानं. त्याला सारखं वाटत होतं की हे दुसऱ्याच्या घरातलं सामान आहे, आणि आपण चोवीस वर्षं त्यावर बसून पाहुणचार घेतला. दुसऱ्या दिवशी त्यानं संमतीवर सही केली.

उघडणीला तीन तास लागले. त्याला गुंगीचं औषध दिलं होतं. जाग आली तेव्हा समोर नाईकवडी होत्या. त्यांनी मोबाईलवर एक गाणं लावलं. स्त्रीला मारलेली हाक होती, गाणारा आवाज त्याचाच होता. यशोधन शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत राहिला आणि मग हे कधी रेकॉर्ड केलं होतं, असं त्यानं विचारलं.

फाईल एक तास अकरा मिनिटांची निघाली. पहिल्यांदा काकांनी एकट्यानं ऐकली. ते बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ते जाऊन बाकावर बसले.

"तू ऐक," ते म्हणाले. "मी सांगणार नाही. माझ्या तोंडून नको."

यशोधननं हेडफोन लावले. सुरुवातीला पानांची सळसळ होती आणि कुठेतरी पत्र्यावर काहीतरी थेंबाथेंबानं ठिबकत होतं. मग जुईचा आवाज आला. तिनं वर रस्त्याकडे हाका मारल्या, दम लागेपर्यंत. मग ती त्याच्याशी बोलायला लागली. यशो, ऊठ. यशो, झोपू नकोस. मला पाय हलवता येत नाहीये, तू ऊठ. उत्तर येत नाही म्हटल्यावर ती तेच शब्द सुरात म्हणायला लागली, जागा आहेस का, सांग ना, जागा आहेस का. चाल सुंदर होती. त्याच्या मनात आलेला हा पहिला विचार होता, आणि तो आला याची त्याला भयंकर शरम वाटली. पण तिच्या तोंडून खरोखरच तो ती पहिल्यांदा ऐकत होता.

ती तीच तीच चाल म्हणत राहिली. नवव्या की दहाव्या खेपेला तिनं तिसरी ओळ बदलली. "इथे खाली आणते," ती म्हणाली, "बघ, बरं वाटतंय ना?" आणि मग प्रत्येक वेळी तिनं ती ओळ तशीच खाली आणली. पाय अडकलेले, अंगातलं रक्त जात असलेलं, आणि ती गाणं दुरुस्त करत होती. यशोधनला वाटलं, आता आणखी ऐकवणार नाही. तरीही तो ऐकत राहिला.

एकोणपन्नासाव्या मिनिटाला एक पुरुषी आवाज आला. जड, चिडका, झोपेतला.

"गप ना गं. झोपू दे."

तो त्याचाच आवाज होता, सव्वीस वर्षांचा.

जुई थांबली. काही क्षण फक्त पानं वाजत होती. मग ती अगदी हळू म्हणाली, "बरं. झोप तू." त्यानंतर तिचं गाणं ऐकू आलं नाही.

चार मिनिटांनी वरच्या रस्त्यावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. कोणीतरी मोठ्यानं विचारलं, "खाली कोणी आहे का?" पुन्हा एकदा विचारलं. जुईचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता, त्याच्या कानाच्या अगदी जवळ. तिनं उत्तर दिलं नाही. मोटारसायकल निघून गेली. पुढं तुटलेल्या कठड्याची खबर चौकीवर त्याच माणसानं दिली होती, पण मदत यायला त्यानंतर वेळ गेला. श्वास आणखी अकरा मिनिटं ऐकू येत होता.

नाईकवडींनी सांगितलं की डोक्याला मार बसलेली माणसं अशी बरळतात, त्याला बोलणं म्हणतच नाहीत. मोटारसायकल आली तोवर जुईची शुद्ध गेली होती, की तो झोपावा म्हणून ती गप्प राहिली होती, हे नुसत्या श्वासावरून ठरवता येत नाही, हेही त्या म्हणाल्या. यशोधननं मान हलवली आणि बाहेर येऊन तो काकांच्या शेजारी बाकावर बसला. दुपारचं ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं.

"काका, मला यातलं काहीच आठवत नाही," तो म्हणाला. "आधीही आठवत नव्हतं. आता तर डोक्यातून तेही गेलं. मी माफी मागू तरी कशी? दुसऱ्याच कुणाची मागतोय असं वाटेल."

"तू मुद्दाम तसं बोलला नाहीस, हे मला कळतं," काका म्हणाले. "पण मला तुझ्यावर राग आलाय, यशो. आणि ज्याच्यावर आलाय, तो इथं नाहीच."

दाखला जुई अविनाश शेंडकर या नावानं निघाला. वारस म्हणून काकांनी सही केली. वर्तमानपत्रांत ते छापून आलं आणि सहा महिन्यांत प्रयोगशाळेकडे उघडणीसाठी चारशेच्या वर अर्ज आले. अपघातातून वाचलेले, ऑपरेशनच्या टेबलावर पडलेले, आईच्या शेवटच्या दिवसांत तिच्या शेजारी झोपलेले. बेशुद्धीत किंवा झोपेत आपल्या कानांनी काय धरून ठेवलंय, ते सगळ्यांना ऐकायचं होतं. ऐकून गेलेल्यांपैकी काही जण नाईकवडींना पुन्हा कधीच भेटले नाहीत.

यशोधन मात्र येत राहिला. फाईलची प्रत त्यानं मागून घेतली होती, आणि तो ती रोज सकाळी ऐके, अथपासून इतिपर्यंत. नाईकवडींना हे कळल्यावर त्यांनी त्याला समोर बसवून समजावलं. मेंदूला रिकामी जागा आवडत नाही. रोज तेच ऐकत राहिलात, तर तो आवाजांना चित्रं जोडेल, ऊन जोडेल, वास जोडेल. वर्षभराच्या आत तुम्हाला ती दुपार खरोखर आठवायला लागेल, तुम्ही जागे होतात असं आठवेल. आणि ते खोटं असेल.

"तेच हवंय मला," यशोधन म्हणाला.

पुढच्या सप्टेंबरात तो सासवडला गेला. काका अंगणात सायकल उलटी करून चेन बसवत होते. यशोधन त्यांच्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "काका, मला आठवलं." गाडीच्या फुटलेल्या काचेतून तिरपं ऊन येत होतं. जुईचा डावा हात त्याच्या शर्टाच्या बाहीवर होता, आणि बोटांना गिटारच्या तारांचे घट्टे होते. त्याचं डोकं फुटायला आलं होतं आणि तिचा आवाज त्याला सहन होत नव्हता, म्हणून तो तसं बोलला. बोलताना त्यानं तिचा चेहरा पाहिला होता. तो कसा झाला, तेही त्यानं सांगितलं. मग त्यानं हात जोडले आणि माफी मागितली, आणि या वेळी ती त्याची स्वतःची होती. तो लहान मुलासारखा रडला.

काकांनी ग्रीसनं भरलेले हात फडक्याला पुसले. बाहीवरचा हात फाईलमध्ये ऐकू येणं शक्य नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. त्यांनी यशोधनचं डोकं छातीशी धरलं आणि त्याला माफ केलं.

आधी ठरलेल्या तपासणीसाठी तो दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत गेला तेव्हा नाईकवडींनी त्याच्या डोक्यावर टोपी चढवली आणि थर तपासले. जुईचा हात, तिरपं ऊन, तिचा तो चेहरा, सगळं ठळक उमटलेलं होतं, कुठल्याही खऱ्या आठवणीसारखं. त्या आठवणीचं वय सात महिने होतं.